बस दिसते, फेरी दिसत नाही: बिनतारी जाळ्यावरून बसचा माग काढताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या शहरातल्या बससेवेचं आहे. शहर, संस्था आणि माणसं यांची नावं मुद्दाम गाळली आहेत. मी सुरुवातीपासून तांत्रिक बाजूला होतो, त्यामुळे खाली सांगितलेल्या चुकांपैकी काही थेट माझ्या आहेत.

बस कुठे आहे हे कळण्याचा तोवरचा मार्ग म्हणजे मोठ्या थांब्यांवर बसणारे वेळनोंदीचे कर्मचारी आणि त्यांचा फोन. नियंत्रण कक्षातल्या वहीत बसचा क्रमांक, थांबा आणि वेळ चढायची. एखादी बस वाटेत बंद पडली, तर ती पुढच्या नोंदीच्या थांब्यावर आलीच नाही यावरून ते समजायचं, आणि तोवर मागच्या थांब्यांवर गर्दी झालेली असायची. प्रवाशांच्या तक्रारी एकत्र वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली. बस उशिरा येते याचा राग होताच, पण येणार आहे की नाही हेच कळत नाही याचा राग त्याहून मोठा होता.

प्रत्येक बस नकाशावर दिसावी आणि थांब्यावरच्या माणसाला फोनवर येण्याची वेळ कळावी, असं ठरलं. त्याच सुमारास शहरातल्या मुख्य रस्त्यांवर दिव्याच्या खांबांवर सार्वजनिक वायफायचे ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा सिग्नल देणाऱ्या डब्या, लागले होते. साहजिकच प्रश्न आला: जाळं हाताशी तयार आहे, मग प्रत्येक बसमध्ये सिमकार्ड घालून महिन्याचा खर्च कशाला? या एका प्रश्नाने प्रकल्पाचे पहिले कित्येक महिने खाल्ले.

अडचण नेमकी कोणती होती

जीपीएस बसवलं की बस आपोआप दिसू लागेल, असं पहिल्या बैठकीत जवळजवळ सगळेच धरून चालले होते. जीपीएसचा रिसीव्हर फक्त ऐकतो. उपग्रहांकडून आलेल्या संदेशांच्या वेळांवरून तो आपली जागा काढतो. खाली कोण ऐकतंय याची उपग्रहांना खबरही नसते. म्हणजे बसची जागा बसला कळते. ती नियंत्रण कक्षाला कळवायची तर दुसरी, स्वतंत्र बिनतारी वाट लागते. पहिला भाग आता स्वस्त आणि बऱ्यापैकी अचूक आहे. नागरी वापराच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली, तेव्हापासून मोकळ्या आकाशाखाली साधा रिसीव्हरही पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो. उंच इमारतींच्या गल्लीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि तीच चूक कितीतरी पटींनी वाढते, पण तो भाग आटोक्यात ठेवता येतो.

जीपीएस सर्रास होण्याआधीही बसचा माग काढला जात होताच. लंडनमध्ये १९९२ साली सुरू झालेल्या ‘काउंटडाउन’ फलकांसाठी, म्हणजे पुढची बस किती मिनिटांत येईल ते सांगणाऱ्या फलकांसाठी, रस्त्याकडेला बीकन, म्हणजे जागेची खूण देणारी छोटी रेडिओ यंत्रं, लावले होते. बस बीकनपासून गेली की तिची जागा पक्की व्हायची आणि पुढचं अंतर चाकाच्या फेऱ्यांवरून मोजलं जायचं. आमच्या खांबांवरच्या वायफायकडे पाहून मला आधी हेच आठवलं, आणि त्या आठवणीने माझी थोडी दिशाभूलही केली.

कारण आमची खरी अडचण दोन पदरी होती. बसची जागा किती ताजी आहे, हा एक पदर. ती बस आत्ता कोणत्या फेरीवर आहे, हा दुसरा. पहिल्या पदरावर आम्ही बरंच बोललो. दुसऱ्याचा उल्लेख सुरुवातीच्या टिपणांत एका ओळीपुरता आहे.

समोर असलेले पर्याय

खांबांवरचं वायफाय. एका ॲक्सेस पॉइंटची रस्त्यावरची पोच दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटर धरू. ताशी ३६ किलोमीटर वेगाने बस सेकंदाला १० मीटर जाते, म्हणजे त्या टप्प्यात ती फक्त २० सेकंद असते. तेवढ्यात बसमधल्या यंत्राने जाळं शोधायचं, जोडून घ्यायचं, पत्ता मिळवायचा आणि निरोप पाठवायचा. जमण्यासारखं आहे. गंमत अशी, की बस गर्दीत रखडली की काम अधिक चांगलं होतं आणि रस्ता मोकळा असला की बिघडतं. दोन खांबांच्या मधल्या पट्ट्यात मात्र बस अदृश्य, आणि मुख्य रस्ता सोडून आतल्या वस्तीत शिरली की पूर्ण अंधार.

मोबाइलचं जाळं. पोच जवळजवळ सगळीकडे, टॉवर बदलण्याचं काम जाळं स्वतः करतं. विरोध खर्चाचा होता. हा विरोध करणाऱ्यांनी, आणि खरं तर आम्हीही, साधा गुणाकार केला नव्हता. बसचा क्रमांक, अक्षांश, रेखांश, वेग, दिशा आणि वेळ मिळून निरोप ४० बाइटचा. दर १५ सेकंदांनी एक, दिवसाचे १६ तास, म्हणजे ३८४० निरोप. पाकिटावरचा २८ बाइटचा पत्ता प्रत्येकी धरला तरी दिवसाचा सगळा डेटा २६० किलोबाइटच्या आसपास, महिन्याचा ८ मेगाबाइट. सुरक्षिततेसाठी सांकेतिकीकरण घातलं आणि तो दहापट झाला असं धरलं, तरी कुणी फोनवर एक छोटा व्हिडिओ पाहिल्याइतकाच. हा हिशेब पहिल्या बैठकीत फळ्यावर मांडला असता तर वायफायची चर्चा त्या दिवशीच संपली असती.

लोरा. लांब पल्ल्याचं, कमी विजेवर चालणारं रेडिओ तंत्र म्हणून एका पुरवठादाराने ते जोरात मांडलं. पाण्याच्या मीटरसाठी उत्तम. पण पल्ला वाढवायचा तर वेग कमी करावा लागतो. सर्वांत संथ रीतीने बारा बाइटचा निरोप हवेत सुमारे दीड सेकंद रेंगाळतो, आणि युरोपात या पट्ट्यातल्या बहुतेक वाहिन्यांवर एका यंत्राने एक टक्क्याहून जास्त वेळ हवा अडवायची नाही असा नियम आहे. तोच नियम धरला तर दोन निरोपांत अडीच मिनिटं. जास्त वेगाच्या रीती आहेत, पण मग पल्ला घटतो आणि मनोरे वाढवावे लागतात. थांब्यावरच्या प्रवाशासाठी अडीच मिनिटं म्हणजे एक बस निघून जाण्याइतका वेळ. हा पर्याय लवकर गळाला.

चालकाच्याच फोनवर ॲप चालवायचं, असंही कुणीतरी सुचवलं. फोन चार्ज नाही, फोन घरी राहिला, फोन गरम होऊन बंद पडला. सेवेचा कणा कुणाच्या खासगी वस्तूवर उभा करू नये, एवढं कारण पुरेसं होतं.

पहिला निर्णय आणि त्याचं काय झालं

निर्णय झाला तो वायफायचा, एका मार्गापुरता, चाचणी म्हणून. मी त्याला विरोध केला नाही. मार्ग निवडताना मुख्य रस्त्यावरून सरळ जाणारा निवडला गेला, म्हणजे वायफायला सर्वांत सोयीचा. चाचणीत जे सिद्ध होईल ते बाकीच्या मार्गांना लागू पडणार नाही, हे तेव्हाच बोलायला हवं होतं.

घोडं अडलं ते भलतीकडेच. यंत्र जाळ्याला जोडलं जायचं, पत्ता मिळायचा, पण निरोप सर्व्हरपर्यंत पोचायचाच नाही. सार्वजनिक वायफायला जोडल्यावर जे पान उघडतं, ज्यावर मोबाइल क्रमांक टाकून अटी मान्य कराव्या लागतात, ते पान आमच्या यंत्रापुढेही उघडत होतं. बसच्या डॅशबोर्डखालच्या डबीला अटी कशा मान्य करता येणार? जाळं चालवणाऱ्यांकडून आमच्या यंत्रांना वेगळी वाट मिळाली, पण प्रत्येक खांबावर ती सेटिंग पोचायला वेळ लागला. एखादा ॲक्सेस पॉइंट दुरुस्तीत बदलला की त्या जागी जुनी अडचण परत यायची.

अँटेनाही डॅशबोर्डखाली होती. चहूबाजूंनी पत्रा. ती छतावर नेल्यावर फरक लगेच दिसला, पण त्यासाठी छताला भोक पाडायचं आणि ते पावसात गळू द्यायचं नाही, म्हणजे आगारातल्या बॉडी विभागाचं काम. तांत्रिक आराखड्यात हा विभाग कुठेच नव्हता.

चाचणीच्या शेवटी नकाशावर बस खांबाखांबावर उड्या मारत जाताना दिसायची. नियंत्रण कक्षाला त्याचा थोडाफार उपयोग होता. प्रवाशाला काहीच नव्हता. मग तो गुणाकार कुणीतरी केला, आणि पुढच्या बैठकीत मोबाइल जाळं ठरलं. दोन कंपन्यांची सिम, एकाचा सिग्नल गेला की दुसरी. यंत्र घेताना फक्त जुन्या टूजी-थ्रीजीवर चालणारं घ्यायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं. जगभर ती जाळी बंद होत चालली आहेत आणि बसचं यंत्र तिच्यात दहा-बारा वर्षं राहतं. या अख्ख्या प्रकरणात आम्ही वेळेआधी केलेला हा बहुधा एकमेव विचार.

जाळं बदललं, तरी बस चुकीचीच

आता निरोप येत होते, भरपूर येत होते, आणि तरीही फोनवरच्या आणि थांब्यांवरच्या फलकांवरच्या वेळा चुकत होत्या. यातलं एकेक कारण शोधायला जितका वेळ लागला, तितका जाळं बदलायला लागला नव्हता.

पहिलं कारण मागे राहिलेल्या निरोपांचं. सिग्नल नसलेल्या पट्ट्यात यंत्र निरोप साठवायचं आणि सिग्नल आला की पाठवायचं. चांगलीच सोय. पण ते जुन्यापासून सुरू करायचं, आणि सर्व्हर जो निरोप शेवटचा येईल त्याला ‘आत्ता’ समजायचा. त्यामुळे पुलाखालून बाहेर आलेली बस नकाशावर पुन्हा पुलाकडून धावत यायची, आधीच्या काही मिनिटांचा प्रवास पटापट करत. दोन गोष्टी बदलल्या: सर्वांत ताजा निरोप आधी, जुने सवडीने, आणि निरोप कधी आला याऐवजी त्यातली जागा कधी मोजली ती वेळ प्रमाण. जीटीएफएस रिअलटाइम हा बसच्या थेट माहितीचा जगभर वापरला जाणारा नमुना आहे. त्याच्या शिफारशींत माहिती निदान दर ३० सेकंदांनी ताजी करावी आणि बसची जागा ९० सेकंदांहून जुनी नसावी, असं आहे. आम्ही तीच मर्यादा घेतली. त्याहून जुनी जागा असेल तर बस नकाशावरून काढून घ्यायची आणि फलकावर वेळापत्रकातली वेळ, ‘वेळापत्रकानुसार’ असं लिहून, दाखवायची. खोटी ताजी वेळ दाखवण्यापेक्षा खरी शिळी बरी. या मुद्द्यावर वरिष्ठांना पटवायला कष्ट पडले, कारण नकाशावर बस कमी दिसू लागल्या.

मोजल्याची वेळ प्रमाण धरल्यावर एक विचित्र गोष्ट वर आली. यंत्रांच्या एका खेपेतले निरोप पाठवण्याआधीच पोचत होते. त्यांचं वय उणे निघत होतं. फरक बरोबर १८ सेकंदांचा. जीपीएसचं घड्याळ लीप सेकंद, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राहावा म्हणून प्रमाणवेळेत अधूनमधून घातलेला जादा सेकंद, मोजत नाही, त्यामुळे २०१७ च्या सुरुवातीपासून ते जागतिक प्रमाणवेळेच्या १८ सेकंद पुढे आहे. रिसीव्हरने ती वजाबाकी करायची असते, या खेपेत ती झालीच नव्हती. नव्या सॉफ्टवेअरने प्रश्न मिटला. पण वयाची तपासणी घातली नसती तर तो कुणाला दिसलाही नसता.

दुसरं कारण किल्लीचं. यंत्राची वीज इंजिनच्या किल्लीवर होती. शेवटच्या थांब्यावर चालक इंजिन बंद करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच क्षणी बस नकाशावरून गायब. पुढच्या फेरीची वाट पाहणारे लोक तिच्या समोर उभे, आणि फोन सांगतोय की जवळपास बस नाही! किल्ली फिरवल्यावर स्टार्टरमुळे बॅटरीचा दाब खाली जायचा, यंत्र दोनदा चालू-बंद व्हायचं, आणि त्यानंतर उपग्रहांची कक्षामाहिती नव्याने ऐकायला निदान अर्धं मिनिट. ती माहिती प्रत्येक उपग्रह दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो आणि ती साधारण चार तास चालते, म्हणजे स्मृतीला छोटा सेल दिला की पुन्हा ऐकायची गरजच उरत नाही. वीज थेट बॅटरीवर घेतली, किल्ली काढल्यावर ठरावीक वेळाने आपोआप बंद होईल अशी. आगाराच्या वीजतंत्र्याला हा दोष पहिल्या दिवसापासून माहीत होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

फेरी कोणती?

एवढं झाल्यावर नियंत्रण कक्षातल्या एका ज्येष्ठ नियंत्रकांनी पडद्याकडे पाहत मला म्हटलं, “साहेब, बस कुठे आहे ते दिसतंय. ती कोण आहे ते कुठे दिसतंय?”

प्रश्न सरळ होता. सकाळी आगारात एखादी बस सुरू होत नाही, तिच्या जागी दुसरी जाते. नियोजनाच्या तक्त्यात मात्र पहिलीच असते. मग यंत्र प्रामाणिकपणे सांगतं की अमुक क्रमांकाची बस अमुक चौकात आहे, आणि सर्व्हर तितक्याच प्रामाणिकपणे ती भलत्या मार्गावर दाखवतो. बदललेल्या बसची फेरी कुणाच्याच नावावर राहत नाही. आणि आगारात उभी असलेली बंद बस फलकावर ‘येत आहे’. भूत बस म्हणतात ती हीच.

तीन उपाय समोर होते. चालकाने समोरच्या यंत्रात मार्ग आणि फेरी टाकायची; दिवसातून अनेकदा, गर्दीत, न चुकता. हे टिकलं नाही, टिकेल असं वाटायलाही नको होतं. दुसरा उपाय सर्व्हरने ओळखण्याचा: बस कोणत्या रस्त्याने चालली आहे, कोणत्या वेळी कुठून सुटली, यावरून फेरीचा अंदाज. मार्ग वेगळे असतील तिथे हे छान चालतं. पण शहराच्या मध्यभागी अनेक मार्ग एकाच रस्त्यावरून जातात आणि फुटतात पुढे कुठेतरी. फाटा येईपर्यंत सर्व्हरने काय सांगायचं?

तिसरा उपाय एका तरुण वाहकाने बोलता बोलता सांगितला. तिकीट यंत्रात तो प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला फेरी निवडतोच, नाहीतर तिकीट निघत नाही. ही माहिती संस्थेकडे रोज येत होती, फक्त रात्री, हिशेब विभागात. तिकीट यंत्र वाहकाबरोबर फिरतं, बसबरोबर नाही, म्हणून ड्युटी सुरू करताना बसचा क्रमांक एकदा टाकायची सक्ती केली आणि फेरीची सुरुवात लगेच सर्व्हरकडे जाऊ लागली. वरून रस्त्याची पडताळणी: तिकीट यंत्र म्हणतं त्या मार्गावर बस नसेल तर नियंत्रकाला इशारा. भूत बस एकदम नाहीशा झाल्या नाहीत, पण त्या दिसल्या की कारण सापडू लागलं.

चालकांशी बोलणं

काही बसमधल्या अँटेनाच्या वायरी सुटू लागल्या. वायर आपोआप सुटते, पण ठरावीक बसमध्ये आणि पुन्हा पुन्हा नाही. यंत्र बसवताना चालकांना कुणी काही सांगितलं नव्हतं. वेगाची नोंद होते आणि त्यावरून नोटीस निघणार, अशी चर्चा आगारात होती. ती पूर्ण खोटीही नव्हती, वरच्या पातळीवर तसा विचार खरंच सुरू होता.

इथे प्रशासनाने घेतलेला निर्णय मला अजूनही धाडसी वाटतो. या नोंदींवरून शिस्तभंगाची कारवाई करायची नाही, अपघाताची चौकशी तेवढी अपवाद, असं लेखी दिलं. शिवाय चालकासमोर एक छोटा पडदा लावला: वेळापत्रकापेक्षा किती पुढे, किती मागे. याचा परिणाम उशिरापेक्षा घाईवर जास्त झाला. वेळेआधी सुटलेली बस उशिरा आलेल्या बसपेक्षा वाईट, कारण वेळेवर आलेल्या प्रवाशाची ती कायमची चुकते आणि त्याला पुढच्या बसपर्यंत थांबावं लागतं. चालकांना हे कुणी कधी आकड्यात दाखवलंच नव्हतं. वायरी सुटणं जवळजवळ थांबलं.

निकाल

नियंत्रण कक्षातली वही बंद झाली. बंद पडलेली बस काही मिनिटांत कळते आणि मागची बस पुढे काढता येते. प्रवाशांच्या तक्रारींचा सूर बदलला: आता लोक दोन मिनिटांची चूक सांगतात, पूर्वी ते तासाभराची सांगत. सुरुवातीच्या थांब्यावरचा अंदाज मात्र अजून कच्चा आहे. उभी असलेली बस कधी निघेल हे तिच्या जागेवरून कळत नाही, तिथे वेळापत्रकावरच भिस्त ठेवावी लागते.

वायफायही वाया गेलं नाही. आगारांत ते उरलं आहे. रात्री बस परत आल्या की दिवसभराच्या तपशीलवार नोंदी, यंत्रांची नवी सॉफ्टवेअरं आणि दुसऱ्या दिवशीचं वेळापत्रक त्यावरून जातं-येतं. उभ्या बससाठी ते जाळं अगदी योग्य आहे.

वेगळं काय करता आलं असतं

डेटाचा हिशेब पहिल्याच दिवशी. चाचणीसाठी सर्वांत अवघड मार्ग: आतल्या वस्तीतून जाणारा, पुलाखालून जाणारा, मध्यभागी इतर मार्गांबरोबर चालणारा. सोप्या मार्गावरची यशस्वी चाचणी आम्हाला आणखी काही महिने चुकीच्या दिशेला घेऊन गेली असती; सुदैवाने तीही अयशस्वी झाली.

यंत्राची निविदा काढण्याआधी एक आठवडा आगारात काढायला हवा होता. वीजतंत्री, बॉडी विभाग, वाहक आणि नियंत्रक या चौघांकडे आमच्या चार मोठ्या अडचणींची उत्तरं होती, आणि चौघांपैकी एकही जण पहिल्या तीन बैठकांना बोलावला गेला नव्हता.

अजून एक गाठ सुटलेली नाही. बस फार मागे पडली की नियंत्रक फेरी अर्ध्यावरून वळवतात. तोंडी, फोनवर, घाईत. तिकीट यंत्राच्या लेखी फेरी पुढे चालूच असते, आणि वळवलेल्या जागेच्या पुढच्या थांब्यांवरचे लोक फलकावर येणाऱ्या बसची वाट पाहत राहतात. नियंत्रकाच्या पडद्यावर ‘वळवली’ असं एक बटण दिलं आहे. फोन खाली ठेवून ते दाबायला त्यांना वेळ मिळतोच असं नाही. सध्या बसने अचानक दिशा बदलली की सर्व्हरनेच नियंत्रकाला विचारावं, अशी सोय आम्ही तपासून पाहतो आहोत.